प्रवेश चार, बाण उजवीकडे

एक खुर्ची. तिच्यावर कोणी बसायचं नाही.

सव्वीस पांढऱ्या चादरी आणि एक फिकट निळी, कारण कुणाचा तरी मोजा त्यांच्यात धुतला गेला.

"आईचं बीपी?" "ठीक." "बरं." सात वर्षांतलं बहीण-भावाचं सगळ्यात लांब संभाषण.

वाक्य सतरावं: ‘दार उघडंच होतं, तुम्हीच ठोठावत बसलात.’

वाफेची इस्त्री. दर चार मिनिटांनी उसासा टाकते.

"अहो, आतल्या बाजूला ‘प्रवेश’ लिहून कोण वाचणार? जो वाचेल तो आत आलेलाच असणार की!"

आता हे सगळं एका छपराखाली आणू. दिग्दर्शकाला एक बंद पडलेली लाँड्री मिळाली होती. ओळीने चार खोल्या: कपडे घ्यायची, धुवायची, वाळवायची, इस्त्रीची. प्रत्येकीला रस्त्याकडून वेगळं दार, आणि आतून एकीतून दुसरीत जायला वाट. नट नाहीत. प्रेक्षकांनी पहिलीत शिरायचं आणि चालत चालत चौथीतून बाहेर पडायचं. वाटेत वस्तू, आवाज, उजेड. एक खोली म्हणजे एक प्रवेश. पहिल्यात, नुसत्या आवाजांतून, दोन भावंडं चादरींचे पडदे बांधून नाटक करतात. दुसऱ्यात मोठी होऊन तेच करतात. तिसऱ्यात खुर्ची, खुर्चीला अडकवलेला बाईचा कोट, आणि स्पीकरमधून पुन्हा पुन्हा एकच वाक्य: "खुर्ची तुझ्यापेक्षा जास्त बोलते, ताई."

हे वाक्य दिग्दर्शक सात वर्षांपूर्वी खरंच बोलला होता. ताई त्याच्या नाटकात मुख्य काम करत होती. प्रयोगाला दोन दिवस उरले असताना त्याला साक्षात्कार झाला की शब्दांनी नाटक जड होतंय. त्याने तिची त्रेचाळीसच्या त्रेचाळीस वाक्यं कापली, तिचा कोट खुर्चीला अडकवला आणि सगळ्यांसमोर ते बोलला. ताई कोट तिथेच टाकून निघून गेली. थंडीचे दिवस होते.

चौथ्या खोलीत, इस्त्रीजवळ, त्याच्या स्वतःच्या आवाजात ती त्रेचाळीस वाक्यं होती. संहिता त्याने तेव्हाच फाडली होती. सगळी आठवून, खोडून, पुन्हा आठवून त्याने ध्वनिमुद्रित केली. तोंडाने माफी मागणं त्याला जमत नव्हतं. खोलीला जमेल, असा त्याचा अंदाज.

अडचण एवढीच की ताई त्याचं नाटक शेवटपर्यंत बघत नसे. मागच्या दोन्ही वेळा ती आईला घेऊन आली आणि मध्येच उठली. आज तिसऱ्या खोलीतून परत फिरली असती, तर अपमान तेवढा पुन्हा ऐकून गेली असती.

"मग आज कशी थांबेल?" लाइटवालीने विचारलं.

"बसायलाच ठेवलेलं नाही. उठणार कुठून?"

"डोकं बघा माणसाचं!"

चार वाजता दारं उघडली. सव्वाचारला लाइटवाली धावत आली.

"दादा, लोक चारही दारांनी आत घुसतायत."

"असे कसे?"

"पाट्या बघा म्हणजे कळेल."

पेंटरला फोनवर सांगितलं होतं: प्रवेश एक ते प्रवेश चार, दारांवर. पेंटरने जन्मभर शाळा, दवाखाने आणि सिनेमाची थिएटरं रंगवली होती. त्याच्या लेखी प्रवेश म्हणजे आत जायची वाट. नाटकाच्या तुकड्यालाही प्रवेश म्हणतात, हे त्याच्या कानावर कोणी घातलंच नव्हतं. पाट्या त्याने रस्त्याकडच्या दारांवर ठोकल्या, आणि वर मनाने एकेक बाण काढून दिला.

"बाण झकास आलाय ना?" पेंटर कमरेवर हात ठेवून उभा होता.

"काढा त्या पाट्या! आत लावायच्या होत्या."

"ओल्या आहेत हो अजून."

दिग्दर्शक पहिल्या दाराकडे पळाला. भली मोठी रांग, तीत ताई नाही. दुसऱ्या दाराशी नाही, तिसऱ्याशी नाही. रांगेचा ताईला लहानपणापासून तिटकारा. प्रवेश चारसमोर कोणीच नव्हतं. नुसता बाण, उजवीकडे.

त्याने दार किलकिलं केलं. ताई पर्स पोटाशी धरून इस्त्रीसमोर उभी होती. रांग नाही म्हटल्यावर तिच्यामागून आणखी पाचसहा जण शिरलेले. स्पीकरवर सतरावं वाक्य आलं: ‘दार उघडंच होतं, तुम्हीच ठोकत बसलात.’

"ठोठावत," ताई म्हणाली.

सगळे वळले.

"ठोकत काय? खिळा आहे का?"

अठरावं वाक्य स्पीकरच्या आधी तिच्या तोंडून आलं. मग एकोणिसावं. तो जिथे गडबडला होता तिथे ती थांबायची, त्याचा चुकीचा शब्द जाऊ द्यायची आणि खरा शब्द मागून सोडायची. इस्त्रीने मध्येच उसासा टाकला. ताईने तिच्याकडे नुसतं बघितलं, आणि लोक खदखदून हसले. नाटक जड होतंय असं निदान त्या खोलीत कोणाला वाटलं नाही. त्रेचाळिसाव्यानंतर टाळ्या पडल्या.

"नट नाहीत म्हणाले होते," एक गृहस्थ बायकोच्या कानाशी लागले.

"मग या काय, धोबीण आहेत?"

ताई आतल्या वाटेने उलटी निघाली, तिसऱ्या खोलीत. "खुर्ची तुझ्यापेक्षा जास्त बोलते, ताई." दिग्दर्शकाने डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा ताई खुर्चीवर बसली होती, कोट अंगात घालून.

"त्यावर बसायचं नाहीये," तो म्हणाला. बीपी सोडून सात वर्षांत सुचलेलं पहिलं वाक्य ते हे.

"का, दुखतं तिला?" ताईने खुर्चीच्या हातावर टिचकी मारली. "बोल म्हणावं. मी बसते गप्प."

खुर्चीला काही सुचलं नाही.

"ताई, हे आधी होतं. ते नंतर. पाट्यांचा घोळ झाला."

"कळलं ते. गुन्ह्याआधी माफी."

"उलटं झालं सगळं."

"हे आधी बघितलं असतं तर एव्हाना मी घरी चहा पीत असते." तिने बाहीचा सुटलेला धागा तोडला. "आणि काय रे, उणीदुणी काढायला धुण्याचीच जागा सापडली तुला?"

"पाट्या उद्या आत लावून घेतो."

"खबरदार! त्या माणसाने जीव ओतून बाण काढलेत." ती अजून उठली नव्हती. "सतरावं वाक्य नीट रेकॉर्ड कर. आणि पस्तिसाव्याला तू रडतोस. मी तिथे कधी रडले नव्हते."

"मग तूच म्हण की. उद्या. रोज."

ताईने कोटाच्या खिशात हात घातला. आत तिचाच जुना रुमाल निघाला. तिने तो परत खिशात ठेवला.

"मला खुर्ची लागेल," ती म्हणाली. "गुडघे धरतात हल्ली."

दिग्दर्शकाने आईच्या हाती ताईला निमंत्रण पाठवलं, त्याच्या दोन दिवस आधी ताईने स्वतःचं तिकीट काढलेलं होतं.