ओल्या पोत्यातल्या बाटल्या

डोमाभाऊ कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई. माणूस साधा, पण त्याच्यावाचून तिथलं पान हलत नसे. नोकरीआधी तो घरच्या ढिवरकीत, म्हणजे मासोळीच्या धंद्यात होता. तळ्यात सोडायला मासोळीचं बीज कावडीनं न्यायचा. मडक्यात इवलाली पिलं. मडकं ओल्या फडक्यानं गार ठेवायचं आणि पाणी सारखं हिंदकळत ठेवायचं. हात थांबला की पिलं मेलीच समजा.

चामोर्शीची दामिनी तिथं संशोधन करायची. कडक तापातही टिकेल असं एन्झाइम घडवायचं, हा एकच ध्यास ती तीन वर्षं घेऊन बसली होती. राजुऱ्याकडच्या धुमसत्या कोळशाच्या ढिगाऱ्यातून तिनं उष्णता मानवणारे जंतू आणले. विषारी औषधापासून वाचवणारं एक एन्झाइम त्यांच्यात घातलं. मग बाटलीत ते औषध टाकायचं आणि एकेक अंशानं ताप वाढवायचा. ज्याचं एन्झाइम त्या तापात टिकलं तोच जगला, त्याचीच पुढची पिढी. त्रेसष्ट अंशांवरून निघालेली पोरगी एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात सत्तर अंशांवर पोचली. जूनमध्ये शिष्यवृत्ती संपणार होती, त्याआधी निकाल दाखवायचा होता.

"भाऊ, माह्यी लेकरं सांभाळजा," असं म्हणून ती बहिणीच्या लग्नाला गेली. ती गमतीनं म्हणाली, डोमानं मात्र मनावर घेतलं.

शनिवारी वादळानं विजेचे खांब पडले, लाईन गेली. बाटल्या तापवून हलवणारं यंत्र थांबलं. दुसऱ्या दिवशी बाहेर पुन्हा सत्तेचाळीस अंश, बंद खोलीची भट्टी झालेली. यंत्र बाटल्या हलवतं, एवढंच डोमाला ठाऊक. त्यानं बाटल्या काढल्या, ओल्या पोत्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवल्या आणि लाईन येईपर्यंत एकेक उचलून हिंदकळत राहिला. जेवायलाही घरी गेला नाही. पोतं वाळू दिलं नाही. पोटच्या पोरालाही बापड्यानं इतकं जपलं नसेल.

मंगळवारी सकाळी लाईन आली आणि मागोमाग दामिनी. बाटलीला हात लावला तर गार.

"काऊन काढल्या भाऊ?"

"मरून जातीन वाटलं बाई. लय गरम होऊन राह्यलं होतं. म्या हात थांबू नाई देल्ला."

ती स्टुलावर बसली. आठवडाभर तिनं जंतू पुन्हा वाढवून पाहिले, पण एकही उठला नाही. जंतूंचा जादा साठा म्हणून जपून ठेवलेल्या नळ्या मार्चमध्ये फ्रीज बिघडला तेव्हाच गेल्या होत्या.

"यायले गारवाच मारते भाऊ," ती हळू आवाजात म्हणाली. "त्या गरम खोलीतच राहू देल्ल्या असत्या तं वाचल्या असत्या."

प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "चूक माझी. जाताना मीच बाटल्या यंत्राबाहेर ठेवल्या." डोमा चहा घेऊन दारातच उभा होता. पेन्शनला चार वर्षं उरली होती. त्यानं चहा सरांपुढे ठेवला आणि तसाच परतला.

जूनमध्ये दामिनी चामोर्शीला परतली, ती पुन्हा आली नाही. डोमाला कुणी शब्दानं दुखावलं नाही, आणि तेच त्याला सोसवेना.

निवृत्तीच्या दिवशी सर भाषणात म्हणाले, "इतक्या वर्षांत डोमाभाऊंच्या हातून एक बाटली वाया गेली नाही." टाळ्या पडल्या. डोमा खाली मान घालून रडू लागला. नोकरी सुटल्याचं दुःख आहे असं म्हणून लोकांनी त्याच्या गळ्यात हार घातला.