घरं काढते

शालनबाईंनी चहाचा कप पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

समोर त्यांच्याच ओट्यावर वर्षाली बसली होती. मांडीवर लॅपटॉप, कानाला फोन. चिंचवडच्या ऑफिसातल्या साहेबांना ती सांगत होती, "झाडं काढली, सर. आता घरं काढते."

ओढ्याचं पाणी दर पावसात चाकणच्या रस्त्यावर येतं, म्हणून त्याची जुनी वाट शोधायला ही मुलगी सकाळपासून ड्रोन उडवत होती. वाटेत येणारी घरं पाडणार, असं गावात जो तो म्हणत होता. त्यांच्या यजमानांचा, सोपानरावांचा, जीव तेव्हापासून टांगणीला लागलेला. आणि ओट्यावर बसवून घेतलेल्या पाहुणीनेच हे बोलावं!

"घरं काढती?" शालनबाईंचा आवाज चढला. "आन् च्या आमचा पिती व्हय?"

वर्षाली आधी गोंधळली, मग कपाळावर हात मारून हसली.

"अहो मावशी, चित्रातून काढते! ड्रोनच्या लेझरने झाडं, घरं, सगळंच मोजलं जातं. मला खालची नुसती जमीन बघायची आहे. या, बघा."

पडद्यावर बाभळीचं रान नाहीसं झालं होतं. पानांच्या फटींतून लेझर खाली पोचला होता आणि झुडपांत बुजलेली ओढ्याची वाट स्पष्ट दिसत होती. ती देवळामागून पार पलीकडे वळत होती. अलीकडे उंचवट्यावर एक काळा चौकोन होता.

"ह्ये काय?" सोपानरावांनी विचारलं.

"तुमचं घर. छपरातून लेझर जात नाही, म्हणून घर काढलं की काळं दिसतं. ओढा इकडे कधी नव्हताच, काका. तुमच्या घराला कोण कशाला हात लावेल?"

सोपानरावांचा जीव भांड्यात पडला. त्यांना हसू आवरेना.

"आता घाल बाई घर जाग्यावर!"

वर्षालीने बटण दाबलं. छप्पर, गोठा, न्हाणी, सगळं परत आलं. शालनबाई हसत हसत पदराने डोळे पुसू लागल्या.

वर्षालीचं बोट घरामागच्या कंपनीच्या भल्यामोठ्या शेडवर थांबलं.

"ही मघाशी राहिलीच. काढते."

"ती ऱ्हाऊ दे," सोपानराव म्हणाले.

"का हो?"

"आमचा मळा व्हता तिथं. आमीच पैशापायी काढून टाकला, पोरी."