मुक्याने मोजलेलं भात

मित्रांनो, मी पायली. जुनी, काळी पडलेली, काठाला दोन ठिकाणी टवके उडालेली. तुमच्यातल्या पुष्कळांनी मला पाहिले असेल आणि लाकडाचा ठोकळा समजून पायाने बाजूला सरकवले असेल. सरकवा. पण आधी माझे ऐकून घ्या. मी धान्य मोजायचे माप आहे. दोन शेरांची एक अधोली आणि दोन अधोल्यांची एक मी. घरातल्या मापांत मी थोरली, आणि थोरलीला चार शब्द बोलायचा हक्क असतो.

शहापूरहून मुरबाडकडे जाताना किन्हवलीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे. तिथल्या सुताराने मला शिवणीच्या लाकडातून कोरले. लोहाराने लोखंडाच्या कड्या चढवल्या. मग मला कचेरीत नेऊन माझी मोजणी झाली आणि कुशीत सरकारी छाप मारला गेला. छाप तापलेला होता. मी हूं की चूं केले नाही. खरेपणाची खूण अंगावर घ्यायची तर थोडे भाजणारच.

मला घरी आणले भागीरथीने. तिचा नवरा तरणाच गेला होता. मागे एक मुलगा, जयराम, आणि ओढ्याकाठची भातशेती. बाई उंच, ताठ, आणि जिभेला अशी धार की तिच्या अंगणावरून जाताना लोक खोकलासुद्धा दाबून धरीत. पण खळ्यावर भात मोजायला बसली की तिचा आवाज देवळातल्यासारखा व्हायचा.

आमच्याकडे भात मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत. ‘लाभ’ म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. आणि हे मोठ्याने म्हणायचे असते. शेजारच्या खळ्यावर ऐकू गेले पाहिजे, वाटेने जाणाऱ्याला कळले पाहिजे की या घरात आज धान्य मोजले जात आहे. माप तोंडातल्या तोंडात घेणारा एक तर आजारी असतो, नाहीतर चोर.

डोंगरावर ठाकरांची वाडी होती. ती माणसे आमच्या शेतात लावणीला, कापणीला राबत. त्याच्या बदल्यात खळ्यावरच त्यांच्या वाट्याचे भात वेगळे मोजून एका कणगीत ठेवायचे आणि ती कणगी उघडायची श्रावणात. त्या महिन्यात वाडीवरची मडकी रिकामी असतात आणि डोंगरावरची नाचणी अजून हिरवी असते. कणगी म्हणजे बांबूची विणलेली, शेणाने सारवलेली उंच कोठी. त्या कणगीला घरात सगळे ‘वाडीची कणगी’ म्हणत. घर आमचे, पण भात त्यांचे.

वाडीच्या वतीने मोजणीला बुधी यायची. काळीसावळी, हसरी बाई. तिचा नवरा मंगळ्या गवताच्या गाड्या हाकायचा. त्यांची एकुलती मुलगी चिमी. बुधीची दोन मुले चिमीच्या आधी श्रावणातच गेली होती, म्हणून ती मोजणीला चिमीला कडेवर घेऊन बसायची आणि माझ्या काठावर दाण्यांची शीग चढली की मुलीला दाखवायची. म्हणायची, “बघ गो, यो तुजा श्रावन.” भागीरथी तिला म्हणे, “बुधे, बघून ठेव नीट, नायतर म्हनशील बायनं मारली पायली.” आणि वर आणखी एक ओंजळ टाकायची. तिला त्या ओंजळीचा फार गर्व होता. माझ्या दारातून कोणी उपाशी जात नाही, हे ती गावभर ऐकवायची. मलाही तो गर्व होता. खोटे कशाला बोलू?

मग लढाईची साले आली. ब्रह्मदेशचा तांदूळ यायचा बंद झाला. सरकारने धान्यावर कंट्रोल आणला, सक्तीने भात घेणारी लेव्ही लावली आणि परवान्याशिवाय तालुक्याबाहेर भात न्यायला बंदी केली. मुंबईत लोक तांदळासाठी वाटेल तो भाव द्यायला तयार होते. जिथे असे होते तिथे सावळारामसारखी माणसे उगवतात. सावळाराम दलाल. पांढरी टोपी, गोड बोलणे, आणि डोळे नेहमी दुसऱ्याच्या कणगीवर. तो गवताचा धंदा करायचा. आमच्या बाजूचे गवत गाठी बांधून आटगावच्या स्टेशनावरून मुंबईच्या तबेल्यांना जायचे. त्या गाठींच्या पोटात आता भाताची पोती जाऊ लागली.

चैत्रात भागीरथी भाचीच्या लग्नाला माहेरी गेली आणि सावळाराम भर दुपारी आमच्या पडवीत येऊन बसला. त्याने जयरामला सांगितले की घरोघरचे भात निघाले आहे, तू एकटाच काय कणग्यांची पूजा करतोस? जयराम म्हणाला, लेव्ही देऊन उरलेले घरचे भात नेशील तर ने. सावळारामने हसून वाडीच्या कणगीकडे बोट दाखवले. ती माणसे श्रावणात येणार. श्रावणापर्यंत भाव उतरेल, तेव्हा भात विकत घेऊन परत भर. कोणाला कळते?

मित्रांनो, त्या दुपारी मला पहिल्यांदा मुक्याने मोजायला लावले. खाली घोंगडी अंथरली, दाणे वाजू नयेत म्हणून. लाभ कोणी म्हटले नाही. जयराम मोजणीचे नुसते खडे मांडत होता. त्याला घाम फुटला होता, आणि सावळाराम प्रत्येक खेपेला माझ्यावर शीग चढवून घेत होता. कणगी तळापर्यंत रिकामी झाली तेव्हा त्यांनी तिच्यात तूस भरले, आणि वर चार बोटे भाताचा थर पसरला. वरून पाहणाऱ्याला कणगी तुडुंब.

त्या भाताच्या गाठी गाडीवर चढवायला कोणाला बोलावले असेल? मंगळ्याला. त्याने पहिली गाठ खांद्यावर घेतली आणि थांबला.

“गवात यवढं जड कसां?” त्याने विचारले.

“वलं हाय,” जयराम म्हणाला.

“चैतात वलं?” मंगळ्या हसला. “तुमचं गवात लय शानं दिसतंय.”

सावळारामने त्याच्या हातावर दुप्पट मजुरी ठेवली. मंगळ्याने पुढे काही विचारले नाही. गाठीत काहीतरी आहे हे त्याला कळले होते. कोणाचे आहे हे कळले नव्हते. आपल्या मुलीचा श्रावण स्वतःच्या खांद्यावरून त्याने गाडीत चढवला आणि बैलांना हाक दिली.

पहिल्या खेपा सुटल्या. चैत्र सरता सरता मात्र आटगावच्या फाटकाशी शिपायांनी गाडी अडवली, गाठ फाडली, आणि भात रस्त्यावर सांडले. मंगळ्याला बेड्या पडल्या. गाडी कोणाची, माल कोणाचा, असे विचारले तेव्हा सावळारामने आपण ह्या माणसाला ओळखतच नाही असे सांगितले. जयराम घरात पांघरूण घेऊन पडला होता. मंगळ्याने दोघांची नावे सांगितली, पण ठाकराच्या बोलण्यावर कोण कागद काळा करतो? त्याला सहा महिन्यांची सजा होऊन ठाण्याच्या तुरुंगात पाठवले.

माहेराहून आलेल्या भागीरथीला एवढेच कळले की मंगळ्या चोरीचे भात नेताना सापडला. तिने जयरामची नवी सायकलही पाहिली. विचारले, तर तो म्हणाला गवताच्या दलालीतून घेतली. ती म्हणाली, नांगर चालवायची लाज वाटते आणि पायडल मारायला हुशार. पण कणगीत हात घालून पाहायचे तिच्या मनात आले नाही. आपल्या घरात असे होणार नाही, याची तिला खात्री होती. गर्विष्ठ माणसाची खात्री फार आंधळी असते हो.

श्रावण लागला. बुधी आली. डोक्यावर इरले, अंगाला फडके, मागे वाडीवरच्या चार बाया. या वेळी चिमीला आणले नव्हते. पोरीला चालवत नाही, म्हणाली, कालपासून नुसती पडून आहे. बुधीच्या डोळ्यांत पाणी नव्हते. उपाशी माणसाच्या डोळ्यांत पाणी येत नाही.

भागीरथीने मला उचलले, पण आधी तोंड चालवले.

“नवरा चोरीचं भात वाहतो, आन् बायको माज्या दारात फडकं पसरते. लाज नाय वाटत?”

“तेनं गवात वाह्यलां गो बाय,” बुधी हळू म्हणाली. “भात कोनाचां, तां तेला नाय ठावं.”

“गप बस. घे, तुजं हाय तां घे. माजं घर काय चोराचं नाय.”

असे म्हणून भागीरथीने झाकण काढले, मला कणगीत बुडवले आणि मोठ्याने म्हटले, “लाभ.” मी भाताने भरून वर आले. शीग चढली. बुधीच्या फडक्यात रिकामी झाले. भागीरथीने मला पुन्हा बुडवले. “दोन,” तिचा आवाज निघाला आणि मला स्वतःलाच मी हलकी वाटले. माझ्या पोटात तूस होते.

भागीरथी माझ्याकडे पाहतच राहिली. मग तिने मला खाली ठेवले आणि कणगीत खांद्यापर्यंत हात घातला. मुठी भरभरून बाहेर काढू लागली. तूस. तूस. तिच्या केसांवर, पदरावर, जमिनीवर नुसते तूस. दारात जयराम उभा होता. तिने त्याच्याकडे नुसते पाहिले.

“समद्यांनी इकलं, आये,” तो म्हणाला. “मी एकल्यानंच काय?”

तिने त्याला मारले नाही. शिवीही दिली नाही. मला काखेत मारले आणि ती गावात निघाली. ज्या बाईने जन्मात कोणापुढे माप धरले नव्हते, ती दारोदार म्हणू लागली, वाडीला द्यायचे आहे, उसने घाला. कोणी दार अर्धेच उघडले. कोणी म्हणाले, आमचेच वांधे आहेत. एका घरात तिने कणगीचे झाकण स्वतः उचलले, तर तिथेही वर भात आणि खाली तूस. आणि ज्यांनी भात विकले होते ते आता सावळारामकडूनच चढ्या दराने लाल ज्वारी विकत घेत होते. त्याची पायली मी त्याच्या ओट्यावर पाहिली. माझ्यासारखीच, छापासकट. पण तिच्या आत दुसरा तळ ठोकलेला होता. माझ्या जातीची ती, पण मला तिची किळस आली. गावाने आपला दाणा त्याला शिगोशीग दिला आणि आता त्याच्याकडून अर्ध्या पोटाच्या मापाने विकत घेत होते.

अंधार पडेपर्यंत फिरून मी काठापर्यंतही भरले नाही. थोडी नाचणी, थोडी वरी, कोणाच्या तरी बियाण्यातले मूठभर भात. दुसऱ्या दिवशी ओढ्याचे पाणी उतरल्यावर भागीरथी मला डोक्यावर घेऊन डोंगर चढली.

आम्ही पोचलो तेव्हा वाडीवर कोणी रडत नव्हते.

त्या एका पायलीचे भात वाडीभर वाटले गेले होते. घरटी मूठ आली. मग बायांनी रानातून कडू कांदे, म्हणजे रानटी कंद, खणून आणले. हे कांदे चिरून, राख घालून उकडून, टोपलीत बांधून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवावे लागतात. तेव्हा कुठे त्यांतले विष उतरते. हे तिथल्या लहान पोरालाही माहीत असते. चिमीलाही माहीत होते. पण टोपली ओढ्यात न्यायच्या आधीच तिने उकडलेल्या फोडी काढून खाल्ल्या होत्या. बुधी तेव्हा सरपणाची फाटी आणायला गेली होती; ती परतली तोवर पोर संपली होती.

भागीरथीने मला खाली ठेवले. बुधीने आत काय आहे ते पाहिलेसुद्धा नाही.

पुढच्या आठवड्यात भागीरथी चालत शहापूरला गेली आणि कचेरीत उभी राहून म्हणाली, ते भात माझ्या घरातून गेले, माझ्या मुलाने विकले, मंगळ्याला सोडा. आपल्या पोटच्या मुलाचे नाव तिने चार माणसांत घेतले. त्या दिवशी तिच्याएवढे ताठ कोणी नव्हते. पण खटला निकालात निघाला होता. जयरामला दंड झाला. मंगळ्याने सजा पुरी भोगली. सावळारामचे नाव कुठल्याच कागदावर आले नाही. पुढे त्याने किन्हवलीत पक्के दुकान बांधले.

कापणीचे दिवस आले तेव्हा वाडीवरून कोणी उतरले नाही. माणसे गवताच्या वखारीत कामाला गेली, काही कसाऱ्याकडे रेल्वेच्या खडीवर. आमचे भात शेतात उभे होते आणि दाणे गळत होते. जयरामला कापता येईना, मजूर मिळेना. एका सकाळी बुधी बांधावरून चालली होती, डोक्यावर गवताचा भारा. भागीरथीने तिला पाहिले. पळत घरात गेली, मला नव्या भाताने भरले, शीग चढवली, आणि बांधावर जाऊन तिच्या वाटेत उभी राहिली.

बुधी थांबली. भारा तिने खाली ठेवला नाही.

“कोनासाठी भरलीस गो बाय ही?” तिने विचारले.

तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरेच कळत नव्हते. बुधी बाजूच्या चिखलातून उतरून पुढे गेली. शिगेवरचे दाणे एक एक करून गवतात पडत राहिले, आणि भागीरथी मला तशीच धरून उभी होती.

मित्रांनो, त्यानंतर तिने मला हातात घेतले नाही. मी माळ्यावर आहे, मोडक्या सुपांच्या शेजारी. मला कोणी पुसावे, खाली आणावे, असे मी म्हणत नाही. मागणे एकच आहे. तुमच्या घरात कणगी असेल, तर वरचा थर पाहून माघारी फिरू नका. बाही वर सारा आणि तळापर्यंत हात घाला. आधी आपल्याच घरात घाला, शेजाऱ्याच्या घरात मागाहून. आणि बोटांना तूस लागले, तर घरची अब्रू म्हणून झाकण लावू नका; लगेच, मोठ्याने बोला. भागीरथीचा हात तळाशी पोचला, पण तोवर श्रावण लागला होता.