पान चौऱ्याऐंशी

माह्या पहिल्या कादंबरीचं पार्सल नागपूरच्या प्रकाशकाकडून भिलाईले आलं, अन् मले आनंदापेक्षा धसकाच जास्त! दोन वर्षं मी याच दिवसाची वाट पाहून राहिली होती. पण बाबा पेपराशिवाय काही वाचत नाहीत, या भरवशावर मी बिनधास्त लिहिलं होतं.

माहे बाबा नरहरी ढोमणे, भिलाईच्या स्टील प्लांटातले रिटायर फोरमन. शिफ्ट संपली की लॉगबुकाचं पान तपासाचं, चूक लाल पेनानं दुरुस्त कराची, मंगच खाली सही. "सही केली म्हंजे जबाबदारी आपली," हे मी लहानपणापासून ऐकत आली.

त्यायनं सुपेल्याच्या बाजारातून नवा लाल पेन आणला अन् पान एकपासून सुरू झाले. पान वाचाचं, खाली सही ठोकाची.

"अवो, कादंबरी हाय ते," आई हसली.

"तू गप बस, कमलिनी. पोरीचं काम हाय, बिना तपासता सोडू का?"

मी चौऱ्याऐंशीव्या पानाले भ्याली होती. त्यात एक फोरमन रिटायर होताना आपलं हेल्मेट जमा करत नाही, डब्याच्या थैलीत लपवून घरी आणते. ते बाबाच! हेल्मेट पेपरात गुंडाळून आलमारीवर ठेवलेलं. आईनंच मले सांगितलं होतं. दुसऱ्याचा नट खोलाचा पाना चुकून खिशात आला त परत द्याले धावणारा माणूस, अन् मी त्यायची एकुलती एक चोरी छापून टाकली!

तिसऱ्या दिवशी दुपारी ते पान आलं. पेन थांबला. बाबा उठून आतल्या खोलीत गेले.

"मेली मी," कणकीचे हात तसेच धरून मी आईले म्हटलं. "आता बाबा माह्यासंगं बोलणारच नाहीत."

आत स्टूल सरकलं. बाबा बाहेर आले ते हेल्मेट घेऊन. टेबलावर ठेवलं, बनियनच्या टोकानं पुसलं.

"पांढरं लिहिलं तू. हे पाह्य, पिवळं हाय." त्यायनं तो शब्द खोडून वर 'पिवळं' लिहिलं.

"बाबा, राग नाही आला?"

"आला ना! दहा वर्षं लपवलं मी. तुमाले दोघींले माहीत होतं त सांगाचं नाही? रोज घालून आरशात पाह्यलं असतं."

आई पदर तोंडाले लावून हसत सुटली. मले मात्र रडूच आलं.

मंग बाबानं खाली सही केली. आधीच्या पानांवर नुसतं 'न. ढो.' होतं. इथं त्यायनं सावकाश पूर्ण नाव लिहिलं: नरहरी ढोमणे, फोरमन.