मास्तर काठावर आहेत

“मास्तर काठावर आहेत,” सिस्टर म्हणाल्या आणि मी हसले.

ठमीला, म्हणजे माझ्या मुलीला, नऊ महिन्यांची लस द्यायला मी आरोग्य केंद्रात गेले होते. ती रडून लालबुंद झालेली, माझ्या एका हातात तिचं कार्ड, दुसऱ्या हातात बाटली आणि डोक्यात एकच विचार, ताप किती वाजता चढेल. त्यातच सिस्टरांनी ड्रॉवरमधून एक कागद काढला. पन्नाशीपुढच्या सगळ्यांचं रक्त तपासलं होतं, त्यातला माझ्या बाबांचा कागद. बाबा शिंपी. आख्खी वस्ती त्यांना मास्तर म्हणते.

कॉलेजात मी दोन विषयांत काठावर पास झाले होते आणि घरात त्याचा आनंद पहिला नंबर आल्यासारखा झाला होता. त्यामुळे ‘काठावर’ हा शब्द ऐकला की मला सुटल्यासारखं वाटतं. म्हणून हसले.

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की डायबेटिस अजून झालेला नाही, पण वाट तिकडचीच आहे आणि परत फिरायचं तर आत्ताच. दर गुरुवारी केंद्रात एक गट भरतो. सोळा गुरुवार. चालायचं कसं, ताटात काय किती घ्यायचं, झोपेचं काय करायचं, हे सगळं सवयीचं होईपर्यंत त्या बरोबर राहतात. गोळी नाही, इंजेक्शन नाही.

“पाठवा त्यांना,” त्या म्हणाल्या. “हे दार कायम उघडं राहत नाही.”

मी हो हो म्हटलं. कागद दुमडला आणि ठमीच्या पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात, ओल्या दुपट्याखाली सारला.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं तेव्हा ते गणवेशाचं कापड बेतत होते. त्यांनी कापड उलटून मला त्याची किनार दाखवली.

“काठावर ना? मग झालं तर. काठ म्हणजे कापडाची सगळ्यात पक्की बाजू. मधे फाटेल, पण काठ उसवत नाही.”

दोघंही हसलो. शाळा उघडायला महिना होता, टेबलावर गणवेशांचा ढीग. शाळा सुरू होऊ दे, मग जातो, असं ठरलं. सिस्टरांचा फोन दोनदा आला. पहिल्यांदा मी गणवेशांचं कारण सांगितलं. दुसऱ्यांदा ठमीचा नुकता डोळा लागला होता, मी नंबर बघितला आणि फोन पालथा घातला.

मी निष्काळजी नाही, तेच तर दुखणं आहे. घरातला प्रत्येक प्लग मी चिकटपट्टीनं बंद केलाय. टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज. द्राक्षाचे चार तुकडे केल्याशिवाय ते ठमीच्या तोंडात जात नाही. आई गेल्यापासून आम्ही बाबांकडेच राहतो आणि त्यांचं शिवणाचं मशीन पुढच्या खोलीत, खिडकीशी. म्हणजे टाचण्या. बशीत पंचवीस टाचण्या, चपट्या डोक्याच्या. रोज संध्याकाळी मी त्या मोजायची आणि दोरीला बांधलेलं लोहचुंबक फरशीवरून ओढत न्यायची. नवरा कामावरून आला की दारातूनच विचारायचा, “कैद्यांची हजेरी झाली का?”

त्या खिडकीशी बाबांनी छत्तीस वर्षं काढली. ज्यांचे गणवेश शिवले ती मुलं आता आपापल्या पोरांना घेऊन येतात. कमरेचं माप घेताना टेप आणि पोट यांच्यामध्ये बाबा आपली दोन बोटं घालतात. “माणूस जेवून उठला की त्यानं मला शिव्या द्यायला नकोत,” हे त्यांचं त्यावरचं उत्तर. त्यांनी शिवलेल्या पँटचं बटण तुटलेलं कुणी पाहिलं नाही. स्वतःच्या पँटची कंबर मात्र त्यांनी दोन वर्षांत तीनदा सैल केली. विचारलं तर म्हणायचे, कापड आटलं.

मशीनजवळ पाण्याची बाटली आली. मग मोठी बाटली आली. मधेच उठून आत जाणं वाढलं. एकदा एकाच पायात चप्पल घालून ते कोपऱ्यावरच्या दुकानातून परत आले, दुसरी वाटेत कुठे गळली ते त्यांना ठाऊकच नव्हतं. आम्ही आठवडाभर त्यांना चिडवलं. हे सगळं मी बघत होते. बघत होते, आणि ठमीमागे धावत होते.

ठमी पावणेतीन वर्षांची झाली त्या सुमारास एका संध्याकाळी टाचण्या चोवीस भरल्या.

मी तीनदा मोजल्या. चुंबक सगळीकडून फिरवलं. ठमीचे कपडे उतरवून झटकले, तिचे तळवे पाहिले, बोटांच्या बेचक्या पाहिल्या, तोंडात बोट घालून टाळूपर्यंत चाचपलं. ती किंचाळत होती. गिळली असेल तर पोटाचा फोटो काढायला कुठे न्यायचं, वाटेत किती वेळ लागेल, हा हिशेब डोक्यात सुरूसुद्धा झाला होता. बाबा बिचारे अनवाणी, या खोलीतून त्या खोलीत. चटया उचल, मशीन सरकव, वाकून कपाटाखाली बघ. अर्धा तास तरी ते चालत होते. शेवटी दमून खुर्चीत बसले आणि सवयीनं एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर टाकला.

ठमी रडायची थांबली. फरशीवर बसून ती वर बघत होती.

“आजोबा, चमचम,” ती म्हणाली.

टाचणी त्यांच्या तळव्यात होती. सगळीच्या सगळी आत, वर फक्त ते चपटं डोकं. बाबा वाकून त्याकडे बघत राहिले. एखाद्या गिऱ्हाइकाच्या कपड्यावरचा डाग बघावा तसे.

“कळलंच नाही गं,” ते म्हणाले.

मला रक्ताची भीती वाटत नाही. त्या वाक्याची वाटली.

केंद्रात सिस्टरांनी चिमट्यानं टाचणी ओढून काढली. बाबांनी हात पुढे केला. “द्या सिस्टर ती. घरी हजेरीला एक कमी पडतेय.” सिस्टर जराशा हसल्या. मग त्यांनी नायलॉनच्या धाग्याची एक बारीक काडी घेतली, बाबांना डोळे मिटायला सांगितले आणि काडी टेकली की ‘हो’ म्हणा असं सांगितलं. काडी पायाच्या अंगठ्याला टेकली, बाबा गप्प. करंगळीखाली टेकली, गप्प. टाचेला लागली तेव्हा हो म्हणाले. मग सिस्टरांनी हात मागे घेतला, काडी हवेतच होती, आणि बाबा म्हणाले, “हो.” शाळेतल्या पोरानं अंदाजानं उत्तर द्यावं तसे. मी भिंतीकडे बघत राहिले.

साखरेचा आकडा काठ केव्हाच ओलांडून गेला होता. आता गोळ्या होत्या, आणि साखरेनं पायांची जी जाणीव गेली होती ती परत येईलच असं सिस्टर सांगू शकत नव्हत्या. मीच म्हटलं, तुम्ही सांगितलं होतं.

“सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या. “पण ‘काठावर’ म्हटलं ना मी. तुम्ही पहिल्या हसणाऱ्या नव्हता. आता मी तो शब्द सोडलाय. आता सांगते, गाडी उताराला लागलीय, ब्रेक अजून लागतो.”

मग त्यांनी माझं कार्ड मागितलं. ठमीच्या वेळी सातव्या महिन्यात माझी साखर वाढली होती, बाळंतपणानंतर उतरली. दर वर्षी तपासून घ्या असं तेव्हा सांगितलं होतं. मी एकदाही तपासली नव्हती. ठमीच्या सगळ्या लसी मात्र तारखेला झाल्या होत्या.

माझा कागद आला. उतार. ब्रेक अजून लागतो.

तेव्हापासून गुरुवारी आम्ही दोघं जातो. गटात वीस-बावीस माणसं, बसचा ड्रायव्हर, शाळेच्या स्वयंपाकीणबाई, दोन बहिणी ज्या चालताना भांडतात आणि म्हणून जास्त चालतात. बाबांसाठी हे उशिराचं आहे हे त्यांना कळतं. तरी पहिल्याच दिवशी त्यांनी खिशातून टेप काढला आणि कंबरा मोजायचं काम आपणहून घेतलं. दोन आठवड्यांनी सिस्टर वहीत डोकं खुपसून बसल्या. नावं नोंदवताना त्यांनी स्वतः घेतलेल्या मापाहून सगळ्यांची कंबर एकदम दीड-दोन इंच कशी वाढली? मी बाबांच्या बोटांकडे पाहिलं. दोन बोटं आत.

“मास्तर, इथे जागा सोडायची नाही,” सिस्टर म्हणाल्या.

बाबा ओशाळले. छत्तीस वर्षांची सवय. त्यांनी सगळ्यांना पुन्हा रांगेत उभं केलं. माझी पाळी आली तेव्हा टेप पोटाला लागला, गार, अगदी अंगाबरोबर. त्यांनी आकडा वाचला, मी ठमीएवढी असल्यापासून त्यांनी माझे कपडे शिवलेत, पण माझ्याकडे वर न बघता त्यांनी तो वहीत लिहिला. बारावा गुरुवार झाला तेव्हा तो दोन इंचांनी उतरला होता. माझा पुढचा कागद अजून यायचाय.

बाबा अजून शिवतात. फक्त मशीन सुरू करण्याआधी ते वाकून टेबलाखाली बघतात, पाय मशीनच्या पायपट्टीवर नीट आहे ना. पायाला कळत नाही, म्हणून डोळ्यांनी विचारतात. गिऱ्हाइकाला वाटतं, काही पडलं असेल.

संध्याकाळी टाचण्या मोजून झाल्या की मी आधी ठमीचे तळवे बघते, मग बाबांचे. ते पाय मागे ओढतात, संकोचतात. ठमी टॉर्च धरते.

तुमच्या घरीही कुणीतरी असेल. पाणी जरा जास्त पिणारं, पँट आटली म्हणणारं, चप्पल वाटेत हरवून येणारं. कुठल्यातरी पिशवीच्या कप्प्यात त्यांचा एक कागद असेल, तो आज शोधा. आणि त्यांना एकदा डोळे मिटून बसवा, टेकलं की हो म्हणायला सांगा, पायाच्या अंगठ्याला हलकेच बोट लावा आणि थांबा. ते हो म्हणाले तर सुटलो म्हणून हसू नका, ब्रेक अजून लागतो एवढंच. केंद्रात गुरुवारी किती वाजता यायचं, तेवढं विचारून घ्या.