हाताला आलेले उंदीर

भाऊजींचं पॉलिशचं वर्कशॉप पुन्हा सुरू झालं, शटरला तेलपाणी झालं, आणि शेजारच्या चहावाल्याने पहिला चहा स्वतःहून आणून दिला.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मी लिहिलेलंही नाही. आमच्या धंद्यात निकाल आधी कळला की माणूस नकळत तिकडेच झुकतो, डोळ्यांना हवं तेच दिसायला लागतं आणि सगळं मुसळ केरात जातं. तेव्हा कृपया असं धरून चाला की वर्कशॉप बंद आहे, शटर गंजलंय आणि भाऊजी एका तयार फर्निचरच्या दुकानात उभे राहून गिऱ्हाइकांना दिवसभर "बसून बघा" म्हणतायत.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. लाकडाला पॉलिश करणारा माणूस. त्यांच्या हाताखालून गेलेल्या टेबलात स्वतःचं तोंड स्पष्ट दिसतं. बऱ्याच जणांना ते आवडत नाही, पण तो पॉलिशचा दोष नव्हे. ताई विषशास्त्रज्ञ आहे. कुठला पदार्थ किती पोटात किंवा नाकात गेला की काय होतं, हे ती शोधते. आमच्याकडे पाहुणे चहा जरा बेतानेच पितात. आणि मी ताईच्याच प्रयोगशाळेत आकडे सांभाळतो आणि तिच्याच घरी राहतो, त्यामुळे तिची बोलणी मला दोन्हीकडे खावी लागतात.

लग्नानंतर ताईच्या लक्षात आलं की भाऊजी दुपारी वर्कशॉपमध्ये झोपतात. साधी डुलकी नव्हे, ब्रश हातात धरून गाढ. पॉलिश पातळ करायचा थिनर त्या बंद जागेत दिवसभर उडत असायचा. ताईला शंका आली. दुसरी एखादी बायको भांडली असती. ताईने प्रयोग केला.

तिने पांढऱ्या उंदरांचे गट पाडले. काहींना साध्या हवेच्या पेटीत ठेवलं, काहींना थिनरच्या हलक्या वाफेच्या आणि काहींना कडक वाफेच्या. मग एकेकाला मोकळ्या चौकोनात सोडून तो किती हिंडतो ते मोजलं. वाफ जितकी कडक, तितका उंदीर सुस्त. आलेख इतका सुरेख उतरत गेला की त्यावरून घसरगुंडी खेळता आली असती. शोधनिबंध छापून आला. ताईने सगळे आकडे आणि सगळे व्हिडिओ कुणालाही बघता येतील असे इंटरनेटवर टाकून दिले. भाऊजींनी वर्कशॉप बंद केलं.

"तुम्ही वाद नाही घातलात?" मी विचारलं होतं.

"बायकोशी घातला असता," ते म्हणाले. "उंदरांशी कोण डोकं लावणार?"

मग एका अनोळखी बाईंचा मेल आला. त्या दूरच्या कुठल्याशा संस्थेत होत्या आणि थिनरवर जगभरात झालेले सगळे अभ्यास गोळा करून, प्रत्येक अभ्यास कसा केलाय ते चाळणीतून काढत होत्या. नुसतं काय सापडलं ते नाही, कसं सापडलं तेही. त्यांनी लिहिलं होतं : 'निबंधात तुम्ही म्हणता की उंदरांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे, कुठलीही निवड न करता पाडले. पण व्हिडिओच्या सुरुवातीलाच एक गृहस्थ पिंजऱ्यात हात घालताना दिसतात. जो आधी हाती लागतो तो कडक वाफेच्या पेटीत जातो. जे शेवटपर्यंत निसटतात ते साध्या हवेत. सुस्त उंदीर आधी सापडतात. मग पुढे ते सुस्त निघाले, यात थिनरचा हात किती?'

ताईने व्हिडिओ पाहिला. पुन्हा पाहिला. मग मामांना बोलावलं. मामा म्हणजे उंदीरखान्याचे प्रमुख. उंदरांना ते 'मंडळी' म्हणतात आणि आम्हाला काहीच म्हणत नाहीत.

"मामा, उंदीर कसे निवडलेत?"

"निवडले कुठे? निवडू नका असं तुम्हीच बजावलं होतं. हाताला येईल तो घेतला."

"आणि कडक वाफेची पेटी पहिली का?"

"ती दाराजवळ होती म्हणून."

"पळणारे शेवटी घेतलेत?"

"मॅडम, पळणाऱ्याच्या मागे आधी कोण लागतं? माझे गुडघे काय संस्थेने दिलेत?"

ताई हसली नाही, पण चिडलीही नाही. "चूक माझी आहे, मामा," ती म्हणाली. "मलाही वाटलं होतं की न बघता हात घालणं आणि चिठ्ठ्या टाकणं एकच."

आमच्या साहेबांचं मत वेगळं होतं. साहेब संस्थेचे संचालक, सदैव घाईत असलेले आणि कुठेही न पोहोचणारे.

"हात दाखवून अवलक्षण!" ते म्हणाले. "सगळं चव्हाट्यावर मांडायला सांगितलं होतं कुणी? दार उघडं टाकलं की कुत्रं शिरतं."

"कुत्रं नाही शिरलं, साहेब," ताई म्हणाली. "पाहुणी आली आणि गॅस चालू राहिलाय म्हणून सांगून गेली."

त्याच दिवशी तिने आपल्या निबंधाला जाहीर टीप जोडली : गट पाडण्यात चूक आहे, हा निष्कर्ष तूर्त धरू नये. ज्या निबंधामुळे लोक तिला ओळखत होते, त्याच्याच पायात तिने दोर बांधला. मग नवा प्रयोग आखला आणि एकही उंदीर हलवण्याआधी तो आराखडा सगळ्यांसमोर मांडला. काय मोजणार, कसं मोजणार, कितीला सुस्त म्हणणार, सगळं. म्हणजे आधी बाण मारून मग त्याच्याभोवती वर्तुळ काढायची सोय नको. अनोळखी बाईंनी त्या आराखड्यातही तीन खोडी काढल्या. ताईने तिन्ही मान्य केल्या आणि दिवसभर खुशीत होती. आमच्या घरात खुशीची व्याख्या अशी आहे.

घरी मात्र भाऊजींनी जेवता जेवता घास खाली ठेवला.

"म्हणजे मी थिनरमुळे झोपत नव्हतो?"

"माहीत नाही," ताई म्हणाली.

"मग कशामुळे?"

"तेही माहीत नाही."

"अगं, तू नक्की कसली डॉक्टर आहेस?"

"काय माहीत नाही ते खात्रीने सांगणारी."

भाऊजींनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "वर्कशॉपच्या जागेचा मालक आलेला. मोबाईलच्या कव्हरवाल्याला जागा देतोय. माझ्यासाठी जरा थांबतो म्हणालाय, पण फार नाही." त्यांनी तळहात उलटे करून पाहिले. पॉलिशचा तपकिरी रंग नखांच्या कडेने अजून होता. "वडिलांनी शिकवलेलं तेवढं एकच येतं मला. 'बसून बघा' कुणीही म्हणू शकतो."

नव्या प्रयोगात चिठ्ठ्या टाकायचं काम माझ्याकडे आलं. कुठला उंदीर कुठल्या पेटीत हे एकट्या मला माहीत असणार होतं. माझी निवड गुणवत्तेवर झाली, असं मी समजत होतो. ताई म्हणाली, "ह्याच्या चेहऱ्यावर काही उमटतच नाही. लहानपणापासून दगड आहे." वाफेतून काढलेल्या उंदरांना आधी मोकळी हवा दाखवायची, वास गेला की चौकोनात सोडायचं, आणि ताईने फक्त व्हिडिओ बघून गुण द्यायचे. कोण कुठल्या पेटीतला ते तिला ठाऊक नाही. कुणाला किती गुण पडले ते मला ठाऊक नाही.

म्हणजे आमच्या जेवणाच्या टेबलावर एका टोकाला अर्धं उत्तर बसायचं, दुसऱ्या टोकाला उरलेलं अर्धं, आणि मधे भाऊजी मीठ मागायचे.

"मेव्हणे," ते हळूच म्हणायचे, "नुसती मान हलवा. वर-खाली की आडवी?"

"भाऊजी, माझी मान प्रयोगात आहे."

"बरं, एक डोळा मिटा."

"दोन्ही मिटतो. झोप आली."

"बघ गं, ह्यालाही येते! हा कुठे थिनर हुंगतो?"

ताई ओरडायची, "अहो, त्याला छळू नका! आणि दगड्या, तू माझ्याकडे बघू नकोस!" मी कधी बघतो हे तिला कसं कळायचं, हा वेगळ्या शोधनिबंधाचा विषय आहे. शेवटी मी भिंतीकडे तोंड करून जेवायला लागलो. मला विचाराल तर भिंत बरी होती. काही विचारत नव्हती.

साहेबही मधेच डोकावले. "अर्धे आकडे आलेत ना? मग जोडून बघा की! मनासारखं असेल तर थांबू." मी म्हटलं, "साहेब, अर्धवट शिजलेलं बघायला झाकण काढलं की वाफ जाते." साहेबांना वाटलं मी थिनरबद्दल बोलतोय. ते लगबगीने बाहेर गेले.

मालकाने भाऊजींना पुन्हा विचारलं. भाऊजी घरी आले, बूट काढले आणि ताईला एवढंच म्हणाले, "घाई करू नकोस. ह्या वेळेला नीट होऊ दे." भाऊजींच्या तोंडून मी ऐकलेलं हे सर्वांत अवघड वाक्य. ते बोलून ते बाल्कनीत गेले आणि रिकाम्या कुंडीला पाणी घालत राहिले.

सगळे गुण देऊन झाले, आकडे कुलूपबंद झाले, आता कुणालाही बदलता येणार नाहीत, तेव्हा आम्ही संगणकासमोर बसलो. पडद्यावर अनोळखी बाई होत्या, ताईने मुद्दाम बोलावलेल्या. चष्मा डोक्यावर ढकललेला, मागे कुणीतरी कपडे वाळत घालत होतं. मामा दारात. भाऊजी फर्निचरच्या दुकानातून फोनवर, मागून आवाज : "ही खुर्ची फिरते का हो?"

मी कुठला उंदीर कुठल्या पेटीतला ते सांगितलं. ताईने दोन्ही अर्धी जोडली.

सुस्त उंदीर सगळ्या पेट्यांत जवळपास सारखेच विखुरलेले होते. साध्या हवेतही आळशी होते, हलक्या वाफेतही होते. एकट्या कडक वाफेत अगदी थोडा फरक होता, आणि इतकी कडक वाफ मिळायला माणसाला डब्यात तोंड खुपसून झोपावं लागलं असतं.

"म्हणजे मी आळशी?" फोनमधून आवाज आला.

"त्याचा अभ्यास झालेला नाही," पडद्यावरच्या बाई गंभीरपणे म्हणाल्या.

ताई हसता हसता रडली, किंवा उलट. मग लगेच बोट वर केलं. "नीट ऐका. हा प्रयोग फक्त सुस्तीबद्दल बोलतो. फुप्फुसं, यकृत, बाकी कशाबद्दल अवाक्षर नाही. 'सापडलं नाही' म्हणजे 'नाहीच' असं नव्हे. खिडकी उघडी, पंखा चालू, तोंडावर वाफ अडवणारा मास्क. कबूल?"

"कबूल, कबूल! मालकाला फोन करू ना?"

"करा," ताई म्हणाली.

मामा दारातून म्हणाले, "आमची मंडळी बदनामीतून सुटली." आणि उंदीरखान्याकडे निघून गेले.

हे आकडे, व्हिडिओ आणि चुकीचा जुना निबंधसुद्धा, सगळं आजही सगळ्यांसमोर आहे. भाऊजींनी अनोळखी बाईंसाठी एक छोटं टेबल घासून चकचकीत केलं. ते त्यांना पाठवता येत नाही. ज्यांचं काम चाळणीतून काढलं त्यांच्याकडून काही घेणं त्यांच्या संस्थेत चालत नाही, आणि नियम बरोबरच आहे. त्यांनी उत्तरात लिहिलं : 'आभार कशाला? तुम्ही सगळं उघडं ठेवलं होतं, म्हणून मला दिसलं.' हे वाचल्यापासून घरात कुणालाच काय करावं सुचेना. कुणा परक्या बाईने आमच्या मामांची पाठ आणि उंदरांच्या शेपट्या लक्ष देऊन पाहिल्या, म्हणून भाऊजींच्या हाताला पुन्हा लाकूड लागलं. एवढ्या उपकाराला आमच्याकडे एकच नातं आहे. म्हणून मी रीतसर अर्ज केला. साहेबांच्या टेबलावर तो आहे, चहाच्या कपाखाली.

मा. संचालक यांस,
विषय : आत्यापद मंजूर होणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, परसंस्थेतील सदर बाईंचा आमच्या कुटुंबाशी रक्ताचा कोणताही संबंध नसल्याचे पुराव्यानिशी सिद्ध झाले असले, तरी त्यांना आमची थोरली आत्या म्हणून पूर्वलक्षी प्रभावाने मान्यता देण्यात यावी. आमच्या कामात, घरात व स्वभावात न विचारता खोडी काढण्याचे सर्व अधिकार त्यांना तहहयात बहाल करण्यात यावेत. आणि त्यांच्यासमोर आम्ही काहीही झाकून ठेवल्यास आम्हांस कारणे दाखवा नोटीस बजावण्यात यावी. कार्यवाही तातडीने व्हावी, ही नम्र विनंती.