चिमटीची शेवटची नळी

मित्रांनो, मी एक जुना फ्रीझर आहे. पण माझ्यात आइस्क्रीम शोधू नका. मी एका प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात उभा असतो. माझ्या पोटातल्या थंडीपुढे तुमच्या घरचा फ्रीज म्हणजे शेकोटी. नवा होतो तेव्हा सगळे माझ्या दारावरून कौतुकाने हात फिरवत. पुढे तेच दार कमरेने ढकलू लागले. कोण किती पाण्यात आहे, ते मला दार लावण्यावरूनच कळते.

माझ्या वरच्या कप्प्यात चिमटीच्या नळ्या असत. चिमटी ही प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडमची विद्यार्थिनी. चहाचा कपसुद्धा दोन बोटांत धरायची, म्हणून हे नाव. तिचे काम आरएनएवर. आरएनए म्हणजे सजीवांच्या पेशींतला अतिसूक्ष्म धागा. त्यातले काही धागे मोठे अचाट असतात. कात्रीवाचून, ठरलेल्या जागी, स्वतःच स्वतःला कापतात. कसे, ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्यातला एखादा अणू बदलायचा आणि कापणे थांबते का ते पाहायचे.

"एकत्र कुटुंबासारखंच आहे हे," मॅडम म्हणायच्या. "एकेकाला गावाला पाठवा. कोण गेल्यावर घर उपाशी राहतं ते बघा. राबणारा तोच."

चिमटीने एका जागचा ऑक्सिजन काढून तिथे गंधक बसवला. कापणे थांबले.

"मॅडम, कापायला लागणारं मॅग्नेशियम इथेच धरलं जातं. त्याचं गंधकाशी पटत नाही, म्हणून काम अडलं."

"किंवा तुझ्या गंधकाने धाग्याची घडीच विस्कटली."

"मग मॅग्नेशियमऐवजी मँगनीज घालून बघते. त्याचं गंधकाशी जमतं. कापणं परत सुरू झालं, तर माझं खरं."

"आणि नाही झालं तर?"

"तर चहा माझ्याकडून."

"नको बाई. तू आधी कप धरायला शीक."

त्या धाग्याची एकच नळी उरली होती, आणि चिमटीची संशोधनाची मुदतही संपत आली होती. इकडे माझ्या दाराचे रबर झिजले होते. गारवा निसटला की माझा भोंगा वाजे.

"मॅडम, याचं रबर गेलंय."

"चालतोय ना अजून? बघू नंतर. आणि तो भोंगा बंद कर आधी, फोनवर काही ऐकू येत नाही."

चिमटीने भोंगा बंद केला. सुट्टी लागली. दार सैल पडले आणि मी आतून पाझरू लागलो. आरएनएचा फडशा पाडायला हाताचा घामही पुरतो, आणि माझ्या बर्फात कितीतरी हातांचा घाम गोठलेला होता. ते पाणी सैल झाकणातून नळीत उतरले.

सुट्टीनंतर चिमटीने तरीही मँगनीज घालून पाहिले. मॅडमनी निकालाचा फोटो उजेडात धरला.

"ठरलेल्या जागी दोन तुकडे असते किंवा धागा अख्खा असता, तर काही कळलं असतं. या नुसत्या चिंध्या आहेत गं."

"भोंगा मीच बंद केला, मॅडम."

"मी सांगितलं म्हणून केलास," त्या म्हणाल्या.

मुदत संपली आणि चिमटी प्रयोगशाळा सोडून गेली. आता मला नवे रबर आहे. भोंगा वाजला की मॅडम हातातला फोन टाकून धावत येतात. वरचा कप्पा मात्र त्यांनी कुणाला दिलेला नाही.

मित्रांनो, कुरकुरणाऱ्याला गप्प करणे सोपे असते. आधी त्याला काय होते आहे ते विचारा. चिमटीचे खरे होते की मॅडमचे, ते मला ठाऊक नाही. ठाऊक होते त्या धाग्याला, आणि तो माझ्याच पोटात विरून गेला.